फणसवाडीचे उंदीर

डॉ. चिंतामणी तळपदे यांनी लग्न का केलं नाही, याचं कारण ते शास्त्रीय सांगत. पाठारे प्रभूंची जात ती केवढीशी! एक टोक गिरगावात, दुसरं माहीम-वांद्र्याला. कुठलंही स्थळ घ्या, तीन पिढ्या मागे गेलं की दोन्हीकडून एकच आजोबा निघायचे. "जवळच्या नात्यातल्या लग्नातून काय निपजतं ते मी रोज पिंजऱ्यात पाहतो," असं म्हणून ते स्थळ घेऊन आलेल्या पाहुण्याला चहा पाजत आणि वाटेला लावत. त्यांची थोरली बहीण सुनंदाताई मात्र खरं कारण सांगून मोकळ्या होत. "चिंतूच्या अंगाला उंदरांचा वास येतो."

वास येई, हे खरंच होतं. डॉक्टर परळच्या एका संशोधन संस्थेत कॅन्सरवर काम करत आणि त्यांचं सगळं काम उंदरांवर चाले. लंडनहून शिकून परत येताना इतर लोक ओव्हरकोट आणि ग्रामोफोन आणत. यांनी खोक्यातून पांढरे उंदीर आणले. बोटीवर स्वतःच्या वाटणीची बिस्किटं त्यांना घातली. अर्धी बोट समुद्र लागून आडवी झाली होती, उंदीर मात्र ठणठणीत उतरले. संस्थेने डॉक्टरांना मागच्या अंगाची एक खोली दिली. तिथे पूर्वी मोडक्या खाटा ठेवत. खाटा गेल्या, उंदीर आले, आणि शिपायांच्या बोलण्यात 'खाटांची खोली' हे नाव तेवढं राहिलं.

या लंडनला जाण्यामागे सुनंदाताईंची शाळा होती. वडील सेक्रेटरिएटातून घरी आले ते छातीत कळ घेऊन, आणि त्याच आठवड्यात गेले. चिंतू तेव्हा सातवीत. सुनंदाताईंनी मुलींच्या शाळेत गणित शिकवायला सुरुवात केली ती आजतागायत. भावाचं मेडिकल, नंतरची विलायत, सगळं त्या अंकगणितातून निघालं. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवायला फणसवाडीतले शेजारी होते.

उंदरांच्या बाबतीत घरात एकच नियम होता. जेवताना त्यांचं नाव काढायचं नाही. आणि डॉक्टर घरी असत ते जेवण्यापुरतेच. त्यामुळे झालं असं की, आपण काय करतो हे डॉक्टरांनी अख्ख्या मुंबईला समजावून सांगितलं होतं, फक्त सख्ख्या बहिणीला सांगितलं नव्हतं.

ते सांगत ते असं. एका उंदराला झालेली गाठ काढून तिचा साबुदाण्याएवढा तुकडा दुसऱ्या उंदराच्या कातडीखाली ठेवला, तर ती तिथे तग धरत नाही. अंग तिला परकी म्हणून ओळखतं आणि जिरवून टाकतं. मग औषधाची परीक्षा घ्यायची कशावर? म्हणून सगळे उंदीर जणू एकाच अंगाचे हवेत. कुणाची गाठ कुणालाही लावली तरी परकी वाटता कामा नये. आणि तसे उंदीर मिळवायला एकच वाट आहे: पिढ्यानपिढ्या सख्ख्या भावाची जोडी सख्ख्या बहिणीशी लावत जायचं, बाहेरचं रक्त आणायचं नाही. डॉक्टरांकडे अशी दोन घराणी होती. एक लंडनचं, एक मागाहून कलकत्त्याहून मागवलेलं. दोन्ही पांढरी, दोन्हींचे डोळे लाल. गाठ होती ती लंडनवाल्यांची. कोण कुठल्या घराण्यातलं, हे पिंजऱ्यावरच्या पत्र्याच्या बिल्ल्यावरूनच काय ते ओळखायचं.

छप्पनच्या जानेवारीत रेडिओवर सांगितलं गेलं की मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती दिल्लीच्या ताब्यात राहील. शहर पेटलं. गिरण्या बंद, ट्राम बंद, लालबाग-परळला दगड आणि गोळ्या. डॉक्टरांचा मदतनीस जगदीश जाधव नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचा. तो म्हणाला, "सर, मी गल्लीगल्लीतून येईन. पण सगळे पिंजरे माझ्याच्याने होणार नाहीत. खाणं देणारा माणूस गावाला पळालाय."

"मग दोन्ही घराण्यांतले अर्धे मी घरी नेतो," डॉक्टर म्हणाले.

टॅक्सीवाल्याने दुप्पट भाडं घेतलं. ठाकुरद्वारच्या नाक्यावर हवालदाराने गाडी अडवली आणि मागच्या सीटवरची चादर उचलली.

"काय आहे हे?"

"उंदीर."

"कुठं नेताय?"

"घरी."

हवालदाराने चादर परत टाकली. गिरगावात जन्म गेला त्याचा. उंदीर घराबाहेर नेणारी माणसं त्याने पुष्कळ पाहिली होती, घरी नेणारा हा पहिलाच. "जावा," तो म्हणाला, "लवकर जावा."

पिंजरे मागच्या गॅलरीत लागले. डॉक्टरांनी ताईंना घाईघाईत समजावलं: खाणं अमुक, पाणी अमुक, पिल्लं मोठी झाली की एका आईची दोन, एक नर एक मादी, काढून नव्या पिंजऱ्यात घालायची आणि आईचा बिल्ला त्या पिंजऱ्यावर चढवायचा. एवढं सांगतात तोच खालून हाक आली. वाडीच्या तोंडाशी एकाला गोळी लागली होती. डॉक्टर गेले ते त्याला घेऊन हॉस्पिटलात, आणि तिथेच अडकले. कॅन्सरच्या मागे लागल्यापासून त्यांनी जिवंत माणसाला टाका घातला नव्हता. त्या आठवड्यात इतके घातले की बोटांना वळण परत आलं. शेवटी शेवटी ते नाव विचारत नव्हते, फक्त वय विचारत. वयं ऐकून त्यांना रडू येई. मग ते बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरत आणि परत येत.

कर्फ्यू उठला, पण उंदीर परळला परतले नाहीत. कारण ते फणसवाडीत फारच सुखात होते. सुनंदाताई त्यांना दुधात भिजवलेला पाव घालत, दुपारी गॅलरीवर ओलं फडकं टाकत. पिल्लं अशी गुबगुबीत झाली की डॉक्टर पाहतच राहिले. जगदीशने परळला सांभाळलेले उंदीर यांच्यापुढे दुष्काळातले दिसत. "ताई, तुझ्या हाताला गुण आहे," डॉक्टर म्हणाले. ताई नुसत्या हसल्या. पाडव्याच्या सुमारास पिंजरे परत गेले आणि संस्थेत त्यांना 'फणसवाडीचे' असं नाव पडलं.

याच सुमारास डॉक्टरांनी बिब्ब्यावर काम सुरू केलं होतं. बिब्बा कातडीला लागला की फोड येतो, हे घरोघरच्या बायकांना माहीत आहे. जे चांगली कातडी जाळतं ते वाईट गाठ जाळणार नाही कशावरून, असा डॉक्टरांचा हिशेब. त्यांनी बिब्ब्याचं तेल शुद्ध केलं, सौम्य केलं आणि सुईतून द्यायला घेतलं. पहिले उंदीर औषधानेच मेले. तेव्हा डॉक्टरांनी एक साधा, समजूतदार निर्णय घेतला. औषध जहाल आहे, ते फणसवाडीच्या धडधाकट उंदरांना द्यावं. आणि नुसती गाठ लावून बिनऔषधाचे ठेवायचे, तिथे परळचे चालतील. नाही तरी दोन्ही एकाच घराण्यातले. बिल्ले तसंच सांगत होते.

पावसाळ्यात फणसवाडीच्या उंदरांची नातवंडं वयात आली. त्यांना लंडनची गाठ लावली आणि औषध दिलं. परळच्या उंदरांच्या गाठी सुपारीएवढ्या झाल्या आणि ते मेले. फणसवाडीच्या उंदरांच्या गाठी वाढल्या, थांबल्या आणि विरघळून गेल्या.

डॉक्टर ते पिंजऱ्यासमोर उभे राहून पाहत होते. जगदीश त्या दिवसांत रजेवर होता; घरचे सगळे नागपूरला दीक्षा घ्यायला निघाले होते. त्यामुळे आनंद सांगायला खोलीत कुणी नव्हतं. डॉक्टरांनी एका उंदराला उचलून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. गाठ नव्हती. मग दुसऱ्याला उचललं. त्यांना वडील आठवले, का ते कळलं नाही.

पुढचं सगळं पटापट झालं. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच झालं. कारण उंदीर पुन्हा तेच घेतले होते. वर्तमानपत्रात बातमी आली. संस्थेने अभिनंदनाचा ठराव केला आणि खोली तीच ठेवली. मग वरळीचे मगनशेठ आले. त्यांचा औषधांचा कारखाना होता, खोकल्याचं आणि पोटदुखीचं औषध बनवत. "डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "परळला तुम्ही उंदीर बरे करा. वरळीला या, माणसं बरी करू." त्यांनी प्रयोगशाळा देऊ केली, गाडी देऊ केली आणि औषधाचं नावही आधीच ठरवून आणलं होतं: अर्बुद म्हणजे गाठ, म्हणून अर्बुदिन. डॉक्टर वरळीला गेले.

फणसवाडीत यावर दोन मतं पडली. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, असं रोज संध्याकाळी ओरडून घसा बसलेली मंडळी म्हणाली की तळपदे शेठजीला विकले गेले. पण सत्तावन्नच्या निवडणुकीत समितीचा जोर दिसताच मगनशेठनी फाटकावरची पाटी मराठीत करून घेतली, तेव्हा निम्म्यांचा राग ओसरला. उरलेल्या निम्म्यांच्या घरी कुणाला ना कुणाला औषध हवं होतं.

कारण आता जिन्यावर माणसं बसू लागली होती. सकाळी डॉक्टर खाली उतरत तेव्हा पहिल्या मजल्यापर्यंत पायऱ्या भरलेल्या असत. त्यांत लालबागचे बाबुराव सावंत नेमाने येत. गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. जिभेच्या कडेला गाठ. बरोबर त्यांची बहीण चंपा. परळच्या हॉस्पिटलने त्यांना ऑपरेशनची तारीख दिली होती, पण पेपर वाचून बाबुरावांनी ती सोडून दिली. "कापल्यावर गजाली कशा मारणार डॉक्टर?" ते जड जिभेने म्हणत. "तुमचं येऊ द्या. मी थांबतो." डॉक्टर म्हणत, "येतंय, लवकरच येतंय." त्यांना तसं मनापासून वाटत होतं.

सत्तावन्नच्या नवरात्रात एके दिवशी सुनंदाताई जेवण वाढताना म्हणाल्या, "चिंतू, मला एक गाठ आहे."

"कुठे?"

त्यांनी उजवीकडे छातीवर हात ठेवला आणि आमटी वाढली.

गाठ उन्हाळ्यापासूनची होती. ज्या भावाने गाठींवर हयात घालवली, त्याला दाखवायची लाज वाटली म्हणून त्यांनी ती तशीच ठेवली होती. डॉक्टरांनी तपासली. त्यांनी वर्गमित्र डॉ. वसंत कीर्तिकरांना बोलावलं. कीर्तिकर परळला सर्जन होते, आणि बोलण्यातही सर्जनच. तपासून बाहेर येत ते म्हणाले, "या आठवड्यात घेऊन ये. काखेत अजून काही लागत नाही. आत्ता काढली तर वाचेल."

"वसंता, माझ्याकडे औषध आहे."

"तुझ्याकडे उंदरांचं औषध आहे."

डॉक्टरांना राग आला. सर्जनना सुरीपलीकडे काही दिसत नाही, हे त्यांचं जुनं मत होतं. ताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "कापायचं तर माझी तयारी आहे. पण तुझं औषध असताना बाहेरचं कशाला? लोक काय म्हणतील?" आणि मग हळूच म्हणाल्या, "तुझ्यावर नाही विश्वास ठेवायचा तर ठेवू कुणावर?" डॉक्टरांना वाटलं, ज्या बहिणीने आपल्याला उभं केलं तिच्यासाठीच हे औषध आपल्या हातून घडवून घेतलं गेलं. ते देव मानत नसत. तेवढ्यापुरता मानला.

दसऱ्यानंतर त्यांनी स्वतःच्या हाताने ताईंना अर्बुदिन द्यायला सुरुवात केली. डाव्या दंडावर फोड आले. ताई लांब बाह्यांचं पोलकं घालून शाळेत जात आणि मुलींना त्रैराशिक शिकवत.

भाऊबीजेला सकाळी सुनंदाताईंनी पाटाभोवती रांगोळी घातली, शिंगड्यांचं, म्हणजे प्रभूंच्या करंज्यांचं ताट मांडलं आणि निरांजन लावलं. डॉक्टर पाटावर बसले. गादीखाली साडीचं खोकं लपवून ठेवलं होतं. कंपनीत गेल्यानंतरची ही पहिलीच ओवाळणी. ताईंनी कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि ओवाळता ओवाळता हसून म्हणाल्या, "तुझं हे जे सगळं झालं ना, ते माझ्या पुण्याईने हो. त्या वर्षी या घरात होणारं पाप मी होऊ दिलं नाही."

"कसलं पाप?"

"तुझे उंदीर. सख्खा भाऊ नि सख्खी बहीण एका पिंजऱ्यात! शी! ज्या घरात मी तुला दरवर्षी ओवाळते, त्या घराच्या गॅलरीत? मी सरळ अदलाबदल केली. लंडनच्या मुली ठेवल्या आणि कलकत्त्याचे मुलगे घरजावई करून आणले. बिल्ले आईचे म्हणालास, ते तसेच राहिले. तुला कुठे कळलं?"

डॉक्टर आधी हसले. निरांजनाची वात एकदा डावीकडून उजवीकडे गेली, परत आली, आणि त्यांचं हसू थांबलं.

"कुठल्या पिंजऱ्यात केलीस?"

"सगळ्या. करायचं तर नीट करावं."

डॉक्टर पाटावर बसून राहिले. कपाळावरचं कुंकू ओलं होतं. अशी अदलाबदल मुलांत दिसत नाही. मुलांना आईची गाठही आपली वाटते. ती दिसते नातवंडांत. नातवंडांच्या अंगाला लंडनची गाठ परकी. ती अंगच जिरवून टाकतं. औषध द्या, नाहीतर साखरेचं पाणी द्या. आणि औषध दिलं होतं ते सगळं नातवंडांनाच. मेले ते परळचे, कारण परळच्या खोलीत असलं पाप-पुण्य बघणारं कुणी नव्हतं. गुबगुबीत होते ते दुधा-पावाने नव्हे, बाहेरच्या रक्ताने. सगळं जागच्या जागी बसलं. बसू नये म्हणून त्यांनी थोडी खटपट करून पाहिली. कदाचित औषधाचाही थोडा गुण असेल. पुन्हा करून पाहता येईल, शुद्ध उंदरांवर, कुणाला न सांगता. दोन महिने लागतील. ताईच्या गाठीला आणखी दोन महिने द्यायचे का, एवढाच प्रश्न होता. तो असा समोर येऊन बसल्यावर त्याचं उत्तर शोधावं लागलं नाही.

"ताई, हात दाखव," ते म्हणाले. फोड आलेल्या दंडावरची बाही त्यांनी वर केली आणि खाली केली. "हे औषध आजपासून बंद. तू उद्या वसंताकडे ऑपरेशनला चल."

ताईंनी तबक खाली ठेवलं. तीस वर्षं गणित शिकवणाऱ्या बाईला पायऱ्या गाळून उत्तर सांगितलेलं चालत नाही. "का?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं. जेवणाच्या नियमामुळे जे इतकी वर्षं सांगायचं राहिलं होतं, ते पहिल्यापासून सांगितलं: साबुदाण्याएवढा तुकडा, परकं अंग, आपलं अंग, घराणी. संपल्यावर ताई म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा मी लुडबूड केली नसती, तर औषध लागू पडत नाही हे तुला तेव्हाच कळलं असतं."

"मी तुला का ते सांगितलं असतं, तर तू केली नसतीस. मी दोन्ही गटांत फणसवाडीचे नि परळचे निम्मे-निम्मे मिसळून घेतले असते, तरी कळलं असतं. हे मला शिकवलेलं होतं, ताई. लंडनला पहिल्याच आठवड्यात."

"आणि आज मी हे बोलले नसते तर?"

डॉक्टरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसले नाहीत. ताईंनी पदराच्या टोकाने त्यांच्या नाकावर सांडलेली अक्षत काढली, लहानपणी काढत तशी.

"ओवाळणी राहिली," त्या म्हणाल्या.

डॉक्टर साडी आणायला उठले.

"साडी नको मला. मी वसंताकडे जाईन. तू जिन्यावर जा. भाऊबीज असूनही बसलीत माणसं, मी मघाशी पाहिलं. त्यांना सांग."

"आज? आधी मगनशेठशी बोलायला हवं. कायदेशीर बाबी आहेत."

"चिंतू," ताई म्हणाल्या, "ओवाळणी मागून घेतात, घासाघीस करत नाहीत."

डॉक्टर कुंकू-अक्षतांसकट खाली गेले. पायऱ्यांवर सणामुळे माणसं थोडी होती. बाबुराव होते, शेजारी चंपा. तिने भावाला घरी ओवाळून मगच इथे आणलं असावं. दोघांच्या अंगावर कोरे कपडे होते. सगळे उभे राहिले. डॉक्टरांनी बसायला सांगितलं आणि स्वतःही एका पायरीवर बसले. उभ्याने सांगायला जमेल असं त्यांना वाटेना.

"माझं औषध लागू पडत नाही," ते म्हणाले. "माझी चूक झाली. ते उंदीर आपोआप बरे झाले होते."

बाबुरावांनी जड जिभेने विचारलं, "आपोआप? तां कसां झालां? तांच सांगा आमका."

"त्यांना ती गाठ परकी होती, बाबुराव. अंगाने ती टाकून दिली. तुमची गाठ तुमचीच आहे. तिला अंग टाकत नाही. कापायला हवी. उद्या परळला चला, मी बरोबर येतो, तारीख मागून घेतो."

"मी तारीख सोडलीय तुमच्यासाठी," बाबुराव म्हणाले. रागाने नव्हे; जॉबर माणूस, हजेरी मांडावी तसं म्हणाले.

"माहीत आहे मला," डॉक्टर म्हणाले.

चंपाने भावाचा हात धरून त्याला उठवलं. माणसं एकेक करून उतरली. एका म्हातारीला काय झालं ते कळलं नव्हतं. तिने जाताना डॉक्टरांच्या पाया पडून पुढच्या सोमवारी येते म्हणून सांगितलं. डॉक्टर तिच्यामागून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मगनशेठनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस व्यापारी होता. माल खराब निघणं त्यांना नवीन नव्हतं. पेपरवाल्यांना त्यांनी स्वतः फोन लावून दिला. मग विचारलं, "डॉक्टरसाहेब, कॅन्सरवर नाही चालत, मग कशावर चालतं?" डॉक्टरांनी चिडून सांगितलं की बिब्बा चालतो पायाच्या कुरूपावर, हे तुमच्या स्वयंपाकीणबाईलाही ठाऊक असेल. सहा महिन्यांत अर्बुदिन कुरूपाचं औषध म्हणून बाजारात आलं. त्याचा खप अजून आहे. डॉ. तळपद्यांच्या हातून बाजारात पोहोचलेलं ते एकच औषध, आणि ते खरोखर गुणकारी आहे.

वरळी सुटली. परळच्या संस्थेने, ठराव रद्द न करता, खाटांची खोली परत दिली. पगार पूर्वीपेक्षा कमी. जगदीशने सांभाळलेले शुद्ध लंडनवाले अजून होते, त्यांच्यापासून पुन्हा सुरुवात झाली. डॉक्टरांनी आपली चूक इंग्रजीत लिहून एका मासिकात छापली. ती फार थोड्यांनी वाचली. जिथे जिथे उंदीर पाळतात तिथे मात्र वाचली गेली असं म्हणतात. शेवटी आभाराची एक ओळ होती, मिस एस. तळपदे यांच्या नावाची, उंदरांची काळजी घेतल्याबद्दल. ताईंनी ती वाचून चष्मा काढून ठेवला. "चेष्टा करतोस?" त्या म्हणाल्या. "नाही," डॉक्टर म्हणाले.

बाबुरावांना उशीर झाला होता. तारीख मिळाली, जीभ गेली, तरी गाठ मानेत उतरलीच. शिमग्याआधी ते वारले. डॉक्टर लालबागला गेले, चाळीच्या जिन्यात इतरांबरोबर उभे राहिले. चंपाने त्यांना ओळखलं. ती एवढंच म्हणाली की शेवटी शेवटी भाऊ पाटीवर लिहून ते औषधच मागायचा. डॉक्टर अजूनही फणसवाडीच्या आपल्या जिन्यावरून गेले की पायऱ्यांकडे बघत नाहीत.

सुनंदाताईंचं ऑपरेशन भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी झालं. कीर्तिकरांनी सगळं काढलं, उजव्या बाजूचं स्नायूंसकट. त्या काळी तशीच पद्धत होती. ताई वाचल्या. साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला, आणि सगळं शहर दिव्यांनी भरलं तेव्हा त्या भावाबरोबर चालत चौपाटीपर्यंत गेल्या आणि गर्दीला नावं ठेवत परत आल्या. फळ्यावर लिहायला मात्र त्यांना डावा हात वळवावा लागला, कारण उजवा आता खांद्याच्या वर जात नाही.

ओवाळायला त्यांना उजवाच हात लागतो. डाव्या हाताने ओवाळायचं नसतं, त्यावर त्यांचा वाद नाही. म्हणून दर भाऊबीजेला रांगोळी घालून होते, निरांजन लागतं, आणि डॉ. तळपदे पाट बाजूला सारून खाली जमिनीवर बसतात आणि मान वाकवतात.